मोर्चा त्यांचा, देणगी त्यांच्याच विरोधात: वुन्झिडेल, नोव्हेंबर २०१४

दर मीटरला १० युरो. १५ नोव्हेंबर २०१४ च्या शनिवारी जर्मनीतल्या वुन्झिडेल गावात नवनाझींचा मोर्चा निघाला, त्याचा हा भाव. मोर्चेकऱ्यांनी तो ठरवला नव्हता आणि मोर्चा सुरू होईपर्यंत त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. गावातल्या रहिवाशांनी आणि व्यावसायिकांनी आधीच वर्गणीचे आकडे लावून ठेवले होते. मोर्चा जितके मीटर पुढे सरकेल, तितके दहा-दहा युरो एग्झिट डॉइचलांड या संस्थेला द्यायचे. नवनाझी चळवळीतून बाहेर पडू पाहणाऱ्यांना मदत करणं हे या संस्थेचं काम. म्हणजे माणसं चालत होती नाझी जर्मनीच्या ‘वीरां’च्या स्मरणार्थ, आणि पैसा जमत होता त्यांच्याच संघटना आतून रिकाम्या करायला.

हे प्रकरण सहसा ‘गावाने नाझींची कशी जिरवली’ या थाटात सांगितलं जातं. छोटासा व्हिडिओ, शेवटी रंगीत कागदांचा पाऊस, संपलं. पाहताना मजा येते, नाकारण्यात अर्थ नाही. पण एवढ्यावर थांबलं तर त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हातातून निसटते. माझ्या मते वुन्झिडेलचा विनोद चालला तो त्यातल्या कोट्यांमुळे नव्हे, त्यामागच्या हिशेबामुळे. आणि तो हिशेब मांडायला गावाला उसंत मिळाली, कारण त्याआधीची पंचवीस वर्षं अजिबात न हसता केलेली कामं पदरात होती.

हेच गाव का

वुन्झिडेल बव्हेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात, चेक सीमेजवळच्या फिश्टेलगेबिर्गे डोंगरांत आहे. वस्ती नऊ-दहा हजारांची. योगायोग असा की जर्मन साहित्यातला मोठा विनोदकार जाँ पाउल इथेच १७६३ मध्ये जन्मला. विनोद हा तत्त्वज्ञानाइतकाच गंभीरपणे घेण्याचा विषय आहे, असं मानणारा हा लेखक. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस गावाचं नाव झालं ते भलत्याच माणसामुळे.

रुडॉल्फ हेस हा हिटलरचा पक्षातला उपनेता. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं आणि ज्यू-बिगरज्यू विवाहांवर बंदी घातली. त्यातल्या विवाहबंदीच्या कायद्यावर हिटलरबरोबर हेसचीही सही आहे. मे १९४१ मध्ये तो एकटाच विमान उडवत स्कॉटलंडला गेला आणि पकडला गेला. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली. बर्लिनच्या श्पांडाऊ तुरुंगात १९६६ पासून तो एकटाच कैदी उरला होता. १७ ऑगस्ट १९८७ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्याने तिथे गळफास घेतला.

त्याच्या आईवडिलांची कबर वुन्झिडेलच्या दफनभूमीत होती. मृत्युपत्राप्रमाणे त्यालाही तिथेच पुरलं गेलं. दगडावर कोरलं होतं, ‘मी धाडस केलं’. झालं, नवनाझींना तीर्थक्षेत्र मिळालं. स्कॉटलंडच्या उड्डाणामुळे त्याला ‘शांतिदूत’ म्हणायचं, आत्महत्येला खून ठरवायचं, आणि दर ऑगस्टमध्ये पुण्यतिथीला गावात जमायचं. १९८८ पासून हे सुरू झालं. ज्याची सही वंशशुद्धीच्या कायद्यावर आहे, तो बघता बघता हुतात्मा झाला.

गावकऱ्यांचा यात काडीचा दोष नव्हता. एका कुटुंबाची कबर त्यांच्या दफनभूमीत होती, एवढंच. पण वर्षातून एकदा गावाच्या नावाला काळिमा लागायचा, आणि बाहेरच्या जगाला वुन्झिडेलचं तेवढंच माहीत असायचं.

आधीचे उपाय

आधी बंदी आली. १९९१ पासून २००० पर्यंत वुन्झिडेलमधल्या मोर्चाला परवानगी मिळाली नाही. मोर्चेकरी दुसरीकडे गेले, एकदा तर डेन्मार्कमध्येही जमले. २००१ मध्ये न्यायालयाने मोर्चाला मोकळीक दिली आणि गर्दी वर्षागणिक फुगत गेली. २००४ च्या ऑगस्टमध्ये चार हजारांच्या आसपास नवनाझी गावात होते. गावाची वस्ती डोळ्यांसमोर आणली की या आकड्याचं वजन कळतं. घरटी एक पाहुणा, तोही न बोलावलेला.

इथे जर्मन कायद्याची बाजू समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी क्लृप्ती तिच्यावर उभी आहे. स्वस्तिक मिरवणं, नाझी सलाम ठोकणं हा जर्मनीत गुन्हा आहे. पण विचार घृणास्पद आहेत एवढ्या कारणाने जमावबंदी करता येत नाही. सभास्वातंत्र्य राज्यघटनेत आहे आणि न्यायालयं ते गांभीर्याने घेतात. आयोजकांनी मार्ग आणि वेळ आगाऊ कळवायची, प्रशासनाने अटी घालायच्या, आणि मग त्या मोर्चाला संरक्षण देणं पोलिसांचं कर्तव्य ठरतं. वैतागलेल्या नागरिकांनी रस्ता अडवला तर पोलिसांची गाठ नागरिकांशीच पडते. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत शिस्तीत चालणारे नाझी आणि फरपटत नेले जाणारे निदर्शक दिसतात. नवनाझींना याहून चांगली प्रसिद्धी विकत घेऊन मिळाली नसती.

२००५ मध्ये जर्मन संसदेने दंडसंहितेत नवं पोटकलम घातलं. नाझी राजवटीचा जाहीर गौरव किंवा समर्थन करून तिच्या बळींच्या प्रतिष्ठेला बाधा आणणं आणि सार्वजनिक शांतता भंग करणं हा त्यानुसार गुन्हा झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. त्याच आधारावर हेसच्या स्मरणाचा मोर्चा बंद झाला. मोर्चाचे आयोजक संघराज्याच्या घटना न्यायालयात गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. एका विशिष्ट विचाराविरुद्ध असा खास कायदा करणं एरवी घटनेत बसलं नसतं; पण जर्मनीची घटनाच नाझी राजवटीला प्रत्युत्तर म्हणून घडली आहे, त्यामुळे हा अपवाद मान्य. जर्मन कायद्याचे विद्यार्थी आजही या निकालाला ‘वुन्झिडेल निकाल’ म्हणतात.

राहिली कबर. दफनभूमीतल्या जागेचा करार २०११ मध्ये संपत होता. चर्चच्या स्थानिक मंडळाने मुदत वाढवायला नकार दिला आणि अखेर वारसांनीही ते मान्य केलं. जुलै २०११ मध्ये पहाटेच्या वेळी कबर उकरली गेली, अस्थींचं दहन झालं, राख समुद्रात विखुरली गेली आणि तो दगडही हटला.

कायदा झाला, निकाल आला, कबरही गेली. तरी माणसं यायची थांबली नाहीत. ऑगस्टऐवजी नोव्हेंबर आला. जर्मनीत नोव्हेंबरच्या मध्यावर युद्धांतल्या आणि जुलमी राजवटींच्या बळींसाठी राष्ट्रीय शोकदिन असतो. त्याच्या आदल्या दिवशी नवनाझी ‘वीरस्मरण’ म्हणून मोर्चा काढू लागले. हेसचं नाव पुढे केलं नाही की कायद्याच्या कचाट्यातून सुटता येत होतं. संख्या हजारांवरून शेकड्यांवर आली होती, पण मोर्चा होता.

‘वुन्झिडेल बहुरंगी आहे, तपकिरी नाही’ अशा नावाने गावातले लोक आधीच संघटित झाले होते. तपकिरी हा हिटलरच्या दंडेलखोर दलाच्या गणवेशाचा रंग. दरवर्षी हे लोक प्रतिनिदर्शनं करत, भाषणं देत, चर्चमध्ये प्रार्थना ठेवत. सगळं योग्यच होतं. फक्त मोर्चेकऱ्यांच्या दिवसाचा आराखडा त्याने तसूभरही बदलत नव्हता. त्यांना विरोध हवाच असतो. शत्रूने भरलेल्या गावातून ताठ मानेने चालत जाणारे मूठभर शूर, हीच तर त्यांची स्वतःबद्दलची गोष्ट.

सापळा कसा रचला

कल्पना एग्झिट डॉइचलांडची. संस्था २००० साली बर्लिनमध्ये सुरू झाली. संस्थापक दोघे. बेर्न्ड वाग्नर पूर्वी पोलिसात गुन्हे तपासाचं काम करत. इंगो हासेलबाख स्वतः एकेकाळी नवनाझींचा पुढारी होता आणि बाहेर पडला होता. पोलीस आणि माजी नाझी, अशी ही जोडी. संस्था कोणाच्या दारात जाऊन उपदेश करत नाही. ज्याला सुटायचं आहे त्याने स्वतः संपर्क साधायचा; मग नवी जागा, काम, जुन्या साथीदारांच्या सूडापासून संरक्षण, आणि डोक्यातल्या विचारांचा निचरा, हे सगळं हळूहळू होतं. २०१४ पर्यंत पाचशेहून अधिक जणांना त्यांनी अशी मदत केली होती.

विनोदाचा सराव त्यांना आधीपासून होता. ऑगस्ट २०११ मध्ये गेरा गावात उजव्या टोकाच्या मंडळींचा एक संगीत महोत्सव झाला. तिथे २५० टी-शर्ट फुकट वाटले गेले. त्यावर कवटी, झेंडे आणि राष्ट्रवादी घोषणा होती. कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. घरी जाऊन धुतल्यावर वरचा रंग निघून गेला आणि खालचा मजकूर दिसू लागला: ‘तुझा टी-शर्ट जे करू शकतो, ते तूही करू शकतोस.’ त्याखाली संस्थेचं नाव आणि मदतीची तयारी. मला हा टी-शर्ट वुन्झिडेलच्या मोर्चाहूनही सरस वाटतो, कारण हा विनोद चारचौघांत घडत नाही. न्हाणीघरात, एकट्यासमोर घडतो. ज्याची फजिती झाली त्याला ती कोणाला सांगावीही लागत नाही, आणि हाक मात्र पोहोचलेली असते.

वुन्झिडेलमध्ये एकांत शक्य नव्हता. तिथे हाताशी होता मोर्चाचा मार्ग. तो कायद्यानेच आगाऊ कळवलेला. सुरुवात कुठे, वळण कुठे, शेवट कुठे, सगळं ठरलेलं, म्हणजे अंतर मोजता येणारं. एरवी ज्या नियमांमुळे गाव हतबल व्हायचं, तेच नियम या वेळी फूटपट्टी म्हणून वापरले गेले. ‘प्रायोजित धर्मादाय दौड’ हा प्रकार युरोपात सगळ्यांच्या ओळखीचा आहे: तू धाव, आम्ही मीटरमागे पैसे देतो. इथे धावणाऱ्याला विचारलं नव्हतं, एवढाच फरक. मोहिमेचं नावही तसंच ठेवलं, ‘उजव्यांविरुद्ध उजवे’. आयोजकांनी तिला जर्मनीतली सर्वात अनैच्छिक दौड म्हटलं.

मोर्चा निघाला तेव्हा रस्त्यावर आरंभरेषा रंगवलेली होती. दोन्ही बाजूंना गडद गुलाबी फलक. एकावर ‘अंतिम विजय नव्हे, अंतिम धाव’. अंतिम विजय ही हरत चाललेल्या नाझी राजवटीची शेवटपर्यंतची घोषणा. दुसऱ्यावर ‘हे फ्यूररला कळलं असतं तर!’. फ्यूरर म्हणजे हिटलर, आणि हा उद्गारही नाझी काळातलाच. कारभारात काही वाईट दिसलं की लोक तेव्हा म्हणायचे, वर कळलं असतं तर असं झालं नसतं. आता तो मोर्चेकऱ्यांनाच उद्देशून होता. वाटेत केळ्यांचं टेबल होतं, दमलेल्या धावपटूंसाठी असतं तसं, आणि त्यावर हिटलरच्या पुस्तकाच्या नावावर कोटी करणारी पाटी. जमिनीवर टप्प्यांच्या खुणा. शेवटी अंतिम रेषा, इंद्रधनुष्याच्या रंगांच्या कागदी तुकड्यांची उधळण, आणि आभाराचा फलक. जमले १०,००० युरो.

मोर्चात दोनशेच्या आसपास माणसं होती. माणशी साधारण ५० युरोंची देणगी झाली. न मागता, न सांगता, स्वतःच्या विरोधात.

विनोद नेमका कुठे होता

आता कोट्या बाजूला ठेवून यंत्रणा पाहू. मोर्चेकऱ्यांसमोर आरंभरेषेवरच दोन वाटा होत्या. चालावं तर एग्झिटची तिजोरी भरते. माघारी फिरावं तर मोर्चाच होत नाही, आणि गावाला दुसरं हवं तरी काय होतं? इकडे आड, तिकडे विहीर. अहिंसक चळवळींचे अभ्यासक याला द्विधा कृती म्हणतात: प्रतिस्पर्ध्याला अशा जागी आणायचं की त्याची प्रत्येक चाल आपल्याच फायद्याची ठरावी. सर्बियात ओटपोर या युवक चळवळीने बेलग्रेडच्या रस्त्यावर तेव्हाचा सत्ताधीश मिलोशेविच याचं चित्र लावलेलं पिंप ठेवलं आणि शेजारी दांडकं. येणारा-जाणारा एक तडाखा लगावून पुढे जायचा. पोलीस आले तेव्हा तिथे पकडण्यासारखं कोणीच नव्हतं, म्हणून त्यांनी पिंपच गाडीत घातलं. हुकूमशहाच्या पोलिसांनी पिंपाला अटक केली, हे दृश्य मग देशभर गेलं. तत्त्व तेच, फक्त वुन्झिडेलमध्ये सत्ता गावाच्या विरोधात नव्हती आणि जिवाची जोखीमही बेलग्रेडइतकी नव्हती.

दुसरी गोष्ट अशी की वुन्झिडेलच्या विनोदाने मोर्चाला हातही लावला नाही. कोणी रस्ता अडवला नाही, कोणावर काही फेकलं नाही. मोर्चा काढण्याचा हक्क शाबूत राहिला. बदलला तो मोर्चाचा अर्थ. कालपर्यंत जे गावावर ताबा मिळवल्याचं प्रदर्शन होतं, ते आज धर्मादाय कार्यक्रमातला सहभाग झालं. त्याच पायांनी, त्याच रस्त्यावरून, त्याच पोलीस बंदोबस्तात. तक्रार करायची तर कोणाकडे आणि कसली? आमच्या चालण्याने कोणाला तरी देणगी मिळाली, अशी?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खिल्ली कोणाची उडवली? मोर्चेकऱ्यांचं दिसणं, बोली, शिक्षण, गरिबी, यातल्या कशालाही फलकांनी बोट लावलं नाही. पूर्व जर्मनीतली बेकार पोरं, टक्कल केलेली, अर्धवट शिकलेली, असल्या विनोदांचा तिथे तोटा नाही आणि ते करायला अक्कलही लागत नाही. पण असा विनोद ऐकून कोणी चळवळ सोडत नाही, उलट आपल्याला हिणवणाऱ्या जगाविरुद्ध अधिकच घट्ट होतो. वुन्झिडेलने टर उडवली ती मोर्चाच्या सोहळ्याची: गांभीर्य, शिस्त, वीर, पवित्र स्मरण, या सगळ्याची. नाझी प्रचाराचं निम्मं बळ सोहळ्यात होतं. मशाली, रांगा, मौन. त्या सोहळ्यातली हवा काढली तर माणसाचा अपमान होत नाही, पण त्याला जे मोठेपण मिळायचं होतं ते मिळत नाही. आणि पैसा जिथे गेला ती संस्था त्याच माणसासाठी दार उघडं ठेवून बसलेली. हसणारा आणि ज्याच्यावर हसलं जातंय तो, या दोघांमध्ये असं दार क्वचितच असतं.

म्हणूनच फक्त फलक लावले असते, केळी ठेवली असती आणि पैशाची भानगड नसती, तर हे प्रकरण दुसऱ्या दिवशी विसरलं गेलं असतं, असं मला वाटतं. शब्दांचा विनोद समोरचा झटकून टाकू शकतो. हिशेब झटकता येत नाही.

हसत कोण होतं

इथपर्यंत कौतुक झालं. आता जरा अवघड भाग.

नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच बव्हेरिया राज्यात, म्युनिकच्या न्यायालयात, एक खटला सुरू होता. ‘राष्ट्रीय समाजवादी भूमिगत’ नावाच्या नवनाझी टोळीने २००० ते २००७ या काळात दहा खून केले होते. नऊ बळी स्थलांतरित मुळाचे होते, आठ तुर्की आणि एक ग्रीक. दहावी एक पोलीस महिला. यातले पाच खून बव्हेरियातले, तीन न्यूरेंबर्गमध्ये आणि दोन म्युनिकमध्ये. पहिला बळी एन्वर शिमशेक, फुलांचा व्यापारी, सप्टेंबर २००० मध्ये न्यूरेंबर्गला. टोळी उघडकीला आली नोव्हेंबर २०११ मध्ये. तोवर पोलीस बळींच्या कुटुंबांवरच संशय घेत होते. अमली पदार्थ, माफिया, घरातलं भांडण, काय काय शोधलं गेलं. तपास पथकाचं नावच ‘बॉस्फरस’ होतं, तुर्कस्तानातल्या सामुद्रधुनीचं. आणि वृत्तपत्रांनी या खुनांना एका तुर्की खाद्यपदार्थाचं नाव दिलं होतं. त्या नावाला २०११ सालचा सर्वात वाईट शब्द म्हणून नंतर निवडण्यात आलं.

म्हणजे त्या देशात नवनाझी प्रश्नाभोवती विनोद आधीपासून होताच. तो मेलेल्यांवर होता. खाद्यपदार्थाचं नाव घेऊन मथळा करणाऱ्याला आपण थोडे खट्याळ आहोत असंच वाटत असणार. वडील गेले आणि पोलीस आईला उलटसुलट विचारतायत, अशा घरात तो मथळा कसा वाचला गेला असेल, हा विचार संपादकाच्या टेबलावर आला नाही, आणि तो येऊ न देणारी सवय ही वंशद्वेषाचीच एक जात आहे, हात स्वच्छ ठेवणारी.

हे समोर ठेवून गुलाबी फलकांकडे पाहिलं की प्रश्न पडतो. वुन्झिडेलमध्ये हसू शकणारे बहुतेक लोक असे होते की मोर्चा संपल्यावर रात्री घरी जाताना त्यांना मागे वळून पाहावं लागत नव्हतं. नाझींची फजिती झाली याचा आनंद त्यांना मनमोकळा घेता आला. ज्यांच्याविरुद्ध हा सगळा द्वेष आहे, त्यांच्यासाठी तोच मोर्चा इतका हसण्यासारखा नसतो. म्हणून गावकऱ्यांनी हसू नये असा याचा अर्थ मी काढत नाही. उलट त्यांनीच हसायला हवं होतं. ज्यांना धोका कमी त्यांनी पुढे व्हावं, हे रास्तच. पण ‘विनोदाने वंशद्वेष हरतो’ असं कोणी छाती फुगवून म्हणू लागला की विचारावंसं वाटतं, कोणाच्या घरात हरला?

एग्झिटच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांनी मोहिमेत कुठेही नाझींना ‘निरुपद्रवी वेडे’ म्हणून रंगवलं नाही. संस्थेचं रोजचं काम पाहता त्यांना ते परवडलंही नसतं. सोडून जाणाऱ्या माणसाला त्याचे साथीदार काय करू शकतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

नंतर काय झालं

व्हिडिओ जगभर पोहोचला. इतर गावांनी ही क्लृप्ती उचलली. वर्षानुवर्षं ज्या गावाचं नाव हेसशी जोडलेलं होतं, त्याच्या नावाबरोबर आता लोकांना दौड आठवू लागली, आणि वुन्झिडेलपुरतं पाहिलं तर हाच सगळ्यात मोठा फायदा. १०,००० युरो ही रक्कम एका संस्थेच्या वर्षभराच्या खर्चापुढे किरकोळ आहे. कोणी त्या दिवशी रांगेतून बाहेर पडून एग्झिटला फोन केला का, हे बाहेर येणं शक्य नाही, आणि ते गुप्त राहणं हीच तर त्या कामाची अट.

मोर्चा मात्र थांबला नाही. पुढच्या वर्षांतही नोव्हेंबरमध्ये उजव्या टोकाच्या संघटना वुन्झिडेलमध्ये येत राहिल्या. व्हिडिओच्या खाली हे कोणी लिहीत नाही. सापळा दुसऱ्यांदा लावला की तो सापळा राहत नाही. पहिल्या वर्षी मोर्चेकरी गोंधळले, कारण असं काही होईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढच्या वेळी ते तयारीनिशी येतात, फलकांकडे न पाहता चालतात. देणगी तरीही जमू शकते, हिशेब पुन्हा मांडता येतो, पण चेहऱ्यावरचा तो गोंधळ पुन्हा मिळत नाही.

शिवाय ही युक्ती कोणत्या मोर्चाला लागू पडते, यालाही मर्यादा आहे. वुन्झिडेलच्या आधी जेमतेम महिनाभर, २० ऑक्टोबर २०१४ ला, ड्रेस्डेनमध्ये पेगिडा या इस्लामविरोधी चळवळीची सोमवारची निदर्शनं सुरू झाली होती. १२ जानेवारी २०१५ ला पोलिसांच्या अंदाजाने तिथे २५,००० लोक होते. काळे कपडे नाहीत, लष्करी रांगा नाहीत. कोट घातलेले आजी-आजोबा, नोकरदार, शेजारी. टर उडवायला सोहळाच नाही. मीटरमागे पैसे लावले तरी ‘आम्ही कुठे नाझी आहोत’ म्हणून ते खांदे उडवणार, आणि गर्दीत आपलेच नातेवाईक दिसल्यावर गावातून प्रायोजक किती मिळतील हाही प्रश्नच. वुन्झिडेलला एक सोय होती: मोर्चेकरी बहुतांशी बाहेरून यायचे. परक्यावर हसणं सोपं असतं. शेजाऱ्यावर, वरिष्ठावर, स्वतःच्या काकावर हसायची वेळ आली की फलक रंगवणाऱ्यांची संख्या झपाट्याने रोडावते.

२०१५ मध्ये लाखो निर्वासित जर्मनीत आले आणि समाजमाध्यमांवर त्यांच्याविरुद्ध विष ओकलं जाऊ लागलं, तेव्हा एग्झिटने तोच हिशेब तिथे नेला. ‘द्वेष मदत करतो’ हे मोहिमेचं नाव. फेसबुकवर वंशद्वेषी प्रतिक्रिया दिसली की खाली उत्तर द्यायचं: तुमच्या या प्रतिक्रियेमुळे एक युरो जमा झाला. तो युरो निर्वासितांच्या मदतकार्याला आणि एग्झिटला. ही देणगीही अनैच्छिकच.

मला या दुसऱ्या मोहिमेबद्दल शंका आहेत. रस्त्यावर चालणाऱ्याला पाय असतात, अंतर असतं, संपण्याची वेळ असते. प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला यातलं काहीच नसतं. तो पुढच्या मिनिटाला दुसरीकडे लिहितो, आणि एक युरोची पावती मिळाल्याने त्याला चेवही चढू शकतो. पण एका बाबतीत ती वुन्झिडेलच्या पुढे गेली. पहिल्या वेळी सगळा पैसा नाझींना बाहेर काढण्यासाठी होता. या वेळी त्यातला वाटा, पहिल्यांदाच, ज्यांच्याविरुद्ध द्वेष लिहिला जात होता त्यांच्याकडे गेला.